पोटातलं वंगण

18 नोव्हेंबर, सोमवार

रात्री साडेदहाला मामांचा फोन. गळीत हंगाम सुरू होऊन जेमतेम तीन दिवस झालेत आणि रसाच्या पंपाचं सील फुटलं. टाकी रिकामी झाल्याचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, पंप पाच-सात मिनिटं कोरडाच पळाला. तेवढ्यात काम संपलं. मामा पस्तीस वर्षं फिटर आहेत, सील बदलणं त्यांच्या हातचं काम; पण आवाज थकलेला होता. "नवीन बसवलं, चालवून बघितलं, आता घरी निघालोय. तू तिकडं पुण्यात घासण्याचंच शिकतीस नव्हं? मग हे तुकडे बघ एकदा. धाकटा परवा येणार हाय, त्याच्याकडं देतो."

शिकते ते खरंच घासण्याचंच. ॲल्युमिना या सिरॅमिकात ग्राफीन, म्हणजे कार्बनचे अतिपातळ पत्रे, मिसळलं तर त्याचं घर्षण आणि झीज कमी होते का, किती आणि कशामुळे, यात तिसरं वर्ष चाललंय. या तीन वर्षांत मी शेकडो तबकड्या घासल्या, पण प्रत्यक्ष यंत्रात झिजून मोडलेला एकही भाग हातात घेतला नव्हता.

21 नोव्हेंबर, गुरुवार

तुकडे आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेले, कागदाला रसाचा आंबूस वास. टेबलावर जुळवून ठेवले तर पूर्ण कडं झालं. सिलिकॉन कार्बाइडचं, काळं, हाताला थंड आणि गुळगुळीत. एका बाजूला इतकी चकाकी की छतावरची ट्यूबलाइट त्यात दिसते. त्या चकाकीवर आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत केसासारख्या चिरा, चाकाच्या आऱ्यांसारख्या. तीन चिरा आरपार गेल्या आणि कडं तिथंच उकललं. सोबतच्या ओ-रिंगला बोट लावलं तर रबराचा कोळसा बोटाला लागला.

सील म्हणजे पंपाच्या दांड्याबरोबर फिरणारं एक कडं आणि त्याला टेकलेलं, जागेवर बसलेलं दुसरं. दोन्ही लॅपिंग करून एवढी सपाट केलेली की त्यांच्यामधून रस बाहेर येत नाही, मात्र रसाचा एक पापुद्रा आत शिरतो. हा पापुद्रा एखाद्या मायक्रॉनचा, केसाच्या जाडीच्या साठाव्या-सत्तराव्या हिश्श्याएवढा. सीलचा सगळा जीव त्यात. पंप कोरडा पडला की पापुद्रा उडून जातो, मग दगडावर दगड घासतो, घासणारे पृष्ठभाग तापतात, आतला भाग गारच राहतो आणि या ताणानं सिरॅमिक तडकतं.

मग एक कडं कार्बनचं का नाही करत, म्हणून मामांना फोन लावला. ते म्हणाले, करतात की. घरच्या पाण्याच्या पंपात कार्बन-सिरॅमिकच असतं. कार्बनमध्ये ग्रॅफाइट असतं, ते स्वतःच वंगण, कोरडं चाललं तरी थोडा वेळ निभावून नेतं. पण कच्च्या रसात उसाबरोबर आलेली माती असते, वाळू असते. वाळूचा कण दोन्हींच्या मध्ये सापडला की मऊ कार्बनवर चरे पडतात आणि गळती सुरू. म्हणून दोन्ही कडी कठीण घ्यायची. वाळूला कठीण चालतं, कोरडेपणाला मऊ चालतं; वाळू आणि कोरडेपणा एकाच पंपात आले की फिटरची रात्र गेली.

फोन ठेवल्यावर मामांचा डावा हात डोळ्यांपुढे आला. कोपराखाली वीतभर गुलाबी, ताणलेली कातडी. मी चौथीत असताना गरम रस उडाला होता. तेव्हाही सीलच गेलं होतं, एवढंच आठवतं.

कठीणपणा न सोडता आतून वंगण सोडणारा दगड. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर हेच लिहिलंय, पण फार लांबलचक वाक्यात.

27 नोव्हेंबर, बुधवार

आज घासण्याचं यंत्र दुरुस्तीला, म्हणून वाचत बसले. एडवर्ड अचेसन या अमेरिकन माणसाची गोष्ट मला कुणी आधी का सांगितली नाही? 1891 मध्ये तो विजेच्या भट्टीत माती आणि कोक तापवत होता, त्यातून त्याला सिलिकॉन कार्बाइड मिळालं. त्यानं नाव दिलं कार्बोरंडम. सहाणेचे दगड, घासकागद, सगळीकडे ते गेलं. पुढे भट्टी गरजेपेक्षा जास्त तापली तेव्हा त्या कार्बोरंडमचंच ग्रॅफाइट झालेलं आढळलं. सिलिकॉन वाफ होऊन निघून गेला आणि मागे नुसता कार्बन उरला, शुद्ध आणि मऊ. 1896 मध्ये त्यानं त्याचं पेटंट घेतलं आणि नंतर हेच ग्रॅफाइट पाण्यात आणि तेलात कालवून वंगण म्हणून विकलं.

म्हणजे जगातल्या सर्वांत खरखरीत वस्तूंपैकी एक आणि सर्वांत निसरड्या वस्तूंपैकी एक, या दोन्ही एकाच भट्टीतून निघाल्या. फरक फक्त उष्णतेचा.

हल्ली निर्वातात सिलिकॉन कार्बाइडचा स्फटिक तापवून त्याच्या पृष्ठभागावर ग्राफीनचे एक-दोन थर वाढवतात, ती अचेसनचीच क्रिया, फक्त फार सावकाश आणि आवरून धरलेली. माद्रिदच्या सिरॅमिक आणि काच संस्थेतल्या मंडळींनी तर सिलिकॉन कार्बाइडची भुकटी भाजून घट्ट करतानाच कणांवर ग्राफीन वाढवून दाखवलं. बाहेरून काही मिसळायचंच नाही. मामांच्या कड्याचा तुकडा हातात घेऊन बराच वेळ बसले. त्याच्या प्रत्येक कणात कार्बन आहे, आणि तो सिलिकॉनला असा जखडून बसलाय की वंगणाच्या कामाला येत नाही.

2 डिसेंबर, सोमवार

पहिली बॅच वाया गेली. सगळं नोंदवून ठेवते.

ग्राफीनच्या पापड्या विकत आणलेल्या. वजनाच्या 2 टक्के घेतल्या, आयसोप्रोपेनॉलमध्ये सोनिकेटरनं हलवल्या, ॲल्युमिनाबरोबर बॉल मिलमध्ये रात्रभर फिरवल्या, वाळवल्या, चाळल्या, दाबून भाजल्या. तबकडी काळीभोर आणि देखणी निघाली. एक मायक्रॉनच्या डायमंड पेस्टवर पॉलिश करताना मात्र मधूनच बारीक खड्डे उघडे पडू लागले. मी भरीला पडून चाचणी घेतलीच. 10 न्यूटनचा भार, 6 मिलिमीटरची ॲल्युमिनाची गोळी, खाली फिरणारी तबकडी. पाच मिनिटांत कडेकडेनं भुकटी साचली. साध्या ॲल्युमिनापेक्षा चर खोल.

दुपारी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली कारण दिसलं. पापड्या सुट्या झालेल्याच नाहीत. पाऊस लागून चिकटलेल्या वहीच्या पानांसारखे त्यांचे गठ्ठे, आणि गठ्ठ्याभोवती पोकळी. ग्राफीनचा एक थर 0.335 नॅनोमीटर जाडीचा आणि आपल्या पातळीत पोलादाहून कितीतरी बळकट, हे खरं. पण थराला थर फार हलक्या हातानं धरून असतो. हाच हलकेपणा वंगणाच्या कामी येतो आणि गठ्ठा झाला की तोच दगडाला फोडतो. गोळीखाली गठ्ठा आला की पानं सरकतात, आधार जातो, शेजारचे ॲल्युमिनाचे कण उखडतात. आणि उखडलेला ॲल्युमिनाचा कण म्हणजे घासकागदावरचा कण. तो मध्ये सापडून आणखी दहा कण उखडतो.

माझ्या गाइड मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "प्रमाण कमी कर आणि कालवण्याकडे लक्ष दे. भाजणं नंतर."

3 डिसेंबर, मंगळवार

बॉल मिलच्या भांड्यातला काळा थर दिवसभर धुतला. नखांत अजून आहे.

11 डिसेंबर, बुधवार

2011 पासूनचे निकाल एका मोठ्या कागदावर मांडले आणि भिंतीला चिकटवले.

ॲरिझोना विद्यापीठातल्या एरिका कोरल आणि न्यूयॉर्क राज्यातल्या रेन्सेलर संस्थेतले निखिल कोरटकर यांच्या गटांनी 2011 मध्ये सिलिकॉन नायट्राइडमध्ये आकारमानाच्या दीड टक्का ग्राफीन घातलं आणि तडा जाण्याला होणारा विरोध 2.8 वरून 6.6 वर नेला, दुपटीहून जास्त. ग्राफीनच्या पत्र्यांनी कणांना वेढा घातला होता, त्यामुळे चिरेला सरळ जाताच आलं नाही, वळसे घ्यावे लागले. कोरियातल्या एका गटानं ॲल्युमिनात अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर ग्राफीन घालून झीज सुमारे दहापट कमी केली. स्पेनमध्ये वजनाच्या फक्त 0.22 टक्क्यानं झीज निम्मी झाली. माद्रिदच्या गटानं 2013 मध्ये सिलिकॉन नायट्राइड आयसोऑक्टेनमध्ये, म्हणजे पेट्रोलसारख्या पातळ, फारसं वंगण नसलेल्या द्रवात, 200 न्यूटनच्या भाराखाली घासलं. तिथं झीज जास्तीत जास्त 56 टक्क्यांनी उतरली.

इथपर्यंत छान. पण घर्षणाचा रकाना भरताना हात थांबला. स्पेनच्या त्या ॲल्युमिनात झीज निम्मी झाली तरी घर्षण फक्त 10 टक्क्यांनी घटलं. स्लोव्हाकियातलं कोशित्से आणि बुडापेस्ट इथल्या मंडळींनी मिळून केलेल्या कामात तर झीज 60 टक्क्यांनी कमी झाली, घर्षण मात्र साध्या सिलिकॉन नायट्राइडएवढंच राहिलं.

घर्षण कमी म्हणजे झीज कमी, असं आपण शाळेपासून धरून चालतो. मीही प्रस्तावात तसंच लिहिलं होतं. पण घर्षण म्हणजे सरकताना किती जोर खर्च झाला त्याचा हिशेब, आणि झीज म्हणजे किती माल गेला त्याचा. जोर तेवढाच लागूनही माल जाणं थांबू शकतं, कारण चिरा अडवल्या जातात, कण जागचे हलत नाहीत. आणि माल कमी जातो तिथं ग्राफीनही कमी बाहेर येतं, मग पृष्ठभागावर वंगणाचा थर धरायला ते पुरेल कसं? ही कोंडी मला आज प्रथम स्पष्ट दिसली. दोन कामं आपण एकाच वस्तूकडून मागतोय: कणांना धरून ठेव, आणि स्वतः मात्र सुटून ये.

2017 मध्ये केनेथ होल्मबर्ग आणि अली एर्देमिर यांनी जगाच्या ऊर्जेचा हिशेब मांडला होता. एकूण वापरापैकी सुमारे 23 टक्के ऊर्जा घासणाऱ्या पृष्ठभागांपायी जाते. त्यातली 20 टक्के घर्षणावर मात करण्यात आणि 3 टक्के झिजलेले भाग पुन्हा घडवण्यात. हे वाचल्यापासून मी 20च्या मागे होते. झिजेच्या वाट्याचे 3 टक्के मला किरकोळ वाटायचे. पण मामांची रात्र त्या तिनातच मोडते.

20 डिसेंबर, शुक्रवार

तीच तबकडी, तीच गोळी, तोच भार. सकाळी आठला घेतलेली चाचणी आणि दुपारी तीनला घेतलेली चाचणी जुळत नाहीत. चार दिवस यंत्राला दोष देत होते. आज भिंतीवरच्या आर्द्रतामापकाकडे नजर गेली. सकाळी सत्तरच्या वर, दुपारी तिशीत. डिसेंबरातली पुण्याची हवा.

ग्रॅफाइट निसरडं का, तर त्याचे थर एकमेकांवरून सहज घसरतात, असं आम्हीही शिकलो. पण दुसऱ्या महायुद्धात विमानं फार उंचावर जाऊ लागली तेव्हा त्यांच्या जनरेटरमधले कार्बनचे ब्रश बघता बघता भुकटी होऊ लागले. रॉबर्ट सॅव्हेजनं त्याचा माग काढला आणि 1948 मध्ये छापलं: उंचावरच्या हवेत बाष्प नसतं, आणि बाष्पावाचून ग्रॅफाइट वंगण देतच नाही. थरांच्या कडांवरचे कार्बनचे हात मोकळे असतात, ते समोर येईल त्याला धरतात. पाण्याचे रेणू ते हात भरून टाकतात, मग पकड सुटते.

ग्राफीनमध्ये कडा कमी, पत्रा मोठा, म्हणून ते वेगळं वागेल अशी आशा. तरीही एकच थर सर्वांत निसरडा असेल असं मानू नये. 2010 मध्ये कोलंबिया विद्यापीठात अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या सुईनं मोजलं तर एका थरावर घर्षण जास्त भरलं आणि थर वाढले तसं उतरत गेलं. गुळगुळीत फरशीवर टाकलेली पातळ चादर पायानं ढकलून पाहावी: पायाच्या पुढ्यात घडी उभी राहते. तसंच ते. जाड सतरंजीला ती घडी पडत नाही.

शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेत डायना बर्मन, अनिरुद्ध सुमंत आणि एर्देमिर यांनी 2015 मध्ये उलटी किमया केली. ग्राफीनमध्ये हिऱ्याचे नॅनो आकाराचे कण सोडले, ग्राफीनच्या पट्ट्या त्या कणांभोवती वळकटीसारख्या गुंडाळल्या गेल्या आणि घर्षणांक 0.004 वर आला. साध्या ॲल्युमिनाचा 0.5च्या आसपास असतो. पण ते कोरड्या नायट्रोजनमध्ये. दमट हवेत ती किमया टिकली नाही.

यापुढे प्रत्येक नोंदीत वेळेबरोबर आर्द्रता लिहायची. आधीच्या एकोणीस चाचण्या पुन्हा.

12 जानेवारी, रविवार. सांगली

संक्रांतीसाठी घरी आले. परवा धाकट्या वहिनीचा पहिला सण, म्हणून आजी हलव्याला बसली आहे. शेगडीवर राख घातलेले निखारे, वर परात, परातीत मूठभर तीळ. वाटीत एकतारी पाक. आजी चमच्यानं पाकाचे चार थेंब सोडते आणि बोटांच्या टोकांनी तीळ फिरवत राहते. पाक वाळला, दाणा खडखडला की पुन्हा चार थेंब. मला घाई झाली. मी म्हटलं, आजी, चमचाभर घालू का? ती म्हणाली, "घाल की. मग लाडू वळून ठेव त्याचे. दाण्याला पाक जेवढा मानवतो तेवढाच द्यायचा."

मी तिच्या बोटांकडे बघत राहिले. माझ्या पहिल्या बॅचचं काय चुकलं, ते त्या परातीत दिसत होतं. मी काळ्या आणि पांढऱ्या भुकट्या एकत्र ढकलून दिल्या आणि आता मिसळा म्हटलं. प्रत्येक दाण्यावर थर चढायला हवा होता.

दुपारी मामा आले. अंगणात पोरं कॅरम खेळत होती, बोर्डावर बोरिक पावडर. मी मामांना सांगितलं, ही पावडरसुद्धा थराथरांचीच असते, आणि आर्गॉनमध्ये असताना त्याच एर्देमिरांनी बोरिक ॲसिडच्या वंगणावर कितीतरी वर्षं काम केलंय. मामांनी चिमूट घेऊन बोटांत चोळली आणि विचारलं, "पण ही पुसली की संपली. तुझी काळी पावडर दगडात असणार, ती वर येणार कशी?"

मी म्हटलं, दगड थोडा झिजला की येईल.

"म्हणजे झिजू द्यायचा?"

थोडा.

मामा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ग्लँडीचं असंच असतंय बघ. जुन्या पंपाला ग्लँड दोरी भरतो आपण, ग्रॅफाइटची. नवीन पोरं नट गच्च आवळतात, थेंबसुद्धा पडता कामा नये म्हणून. मग दोरी जळती आणि शाफ्टला चर पडतो. ग्लँडीला थेंब पडू द्यावा लागतो. किती पडू द्यायचा, हे हाताला कळलं की फिटर झाला."

हे मी लगेच वहीत उतरवून घेतलं.

16 जानेवारी, गुरुवार

पुणे. पापड्या बाजूला ठेवल्या. आता ग्राफीन ऑक्साइड: ग्राफीनला ऑक्सिजनचे गट चिकटवलेलं रूप, पाण्यात सहज सुटं राहणारं, कोऱ्या चहाच्या रंगाचं. पाण्यात त्याच्यावर ऋण भार असतो. ॲल्युमिनाच्या कणांवर आम्लयुक्त पाण्यात धन भार येतो. पाण्याचा पीएच 4 केला, चुंबकाची कांडी फिरत ठेवली आणि ॲल्युमिनाच्या दुधट पाण्यात ग्राफीन ऑक्साइड थेंब थेंब सोडत गेले. दोन तास. मनात आजीची बोटं.

फिरवणं थांबवलं. थोड्या वेळानं तपकिरी गाळ खाली बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. अगदी नितळ. चंचुपात्रामागे वही धरली तर अक्षरं वाचता आली. म्हणजे पाण्यात काही उरलं नाही, सगळं कणांवर बसलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला हाक मारून दाखवलं.

24 जानेवारी, शुक्रवार

भाजण्याचा दिवस. ग्रॅफाइटचा डाय, आत ग्रॅफाइटचा कागद, त्यात भुकटी, वरखाली दट्टे. निर्वात, 50 मेगापास्कल दाब, विजेचे झटके. 1000 अंश सेल्सिअसनंतर दट्टा खाली सरकू लागला, 1400 पर्यंत बराच सरकला आणि मग थांबला. आता पोकळी उरली नाही. ग्राफीन ऑक्साइडमधला ऑक्सिजन वाटेतच निघून जातो आणि ग्राफीन मागे राहतं. हेच उघड्या हवेत केलं असतं तर सगळं ग्राफीन जळून गेलं असतं. ही मर्यादा कायमची: पाचशे-सहाशे अंशांच्या पुढे हवेत चालणाऱ्या भागांना या वाटेचा उपयोग नाही.

तबकडी राखाडी काळी. पॉलिश करताना एकही खड्डा उघडा पडला नाही.

30 जानेवारी, गुरुवार

आर्द्रता 48. भार 10 न्यूटन. सकाळी दहा वाजता गोळी टेकवली.

सुरुवातीला तोच किर्र आवाज, साध्या ॲल्युमिनाचा असतो तसा. पडद्यावरची रेषा चढली आणि 0.5च्या जवळ थरथरत राहिली. माझं लक्ष चराच्या कडेला होतं. राखाडी भुकटी थोडी थोडी जमत होती. शंभर मीटर झाले, दीडशे झाले. मग आवाज बदलला. आधी मला भास वाटला, म्हणून खोलीतला पंखा बंद केला. किर्र जाऊन फुंकरीसारखा आवाज येत होता. पडद्यावरची रेषा किंचित खाली आली होती, फार नाही, पण थरथर थांबली होती. आणि भुकटी जमायची थांबली होती.

हजार मीटरनंतर यंत्र बंद केलं. चर शोधायला तबकडी दिव्यापुढे तिरपी धरावी लागली. पॉलिशच्या पृष्ठभागावर गडद, तुकड्यातुकड्यांची पट्टी. प्रोफाइलोमीटरची सुई त्यावरून नेली. शेजारी साध्या ॲल्युमिनाच्या चराचा आलेख ठेवला. एक दरी, एक ओहळ.

घर्षण थोडंच उतरलं, झीज मात्र खूप. स्पेनसारखंच. डिसेंबरात यानं मी खट्टू झाले असते. आज त्या पहिल्या दीडशे मीटरांवरच मन खिळलंय. तेवढ्यात दगडानं आपला थोडा माल दिला, त्या मालाबरोबर ग्राफीन बाहेर आलं, गोळीखाली चेपलं गेलं, पसरलं आणि थर धरला. थर धरल्यावर माल जाणं थांबलं. मामांच्या भाषेत, तेवढे थेंब पडले. थर फाटला तर पुन्हा थोडं झिजेल आणि पुन्हा भरेल, असं वाटतं, तपासायला हवं. मध्येच थांबवून, थर पुसून, परत चालवायचं.

पण हा थरच आहे आणि तो ग्राफीनचाच आहे, हे अजून सिद्ध कुठं झालंय? गडद दिसतं म्हणून ग्राफीन असं लिहिता येणार नाही.

4 फेब्रुवारी, मंगळवार

रामन यंत्रावर वेळ मिळाला. तबकडी नेलीच नाही. तिच्यात ग्राफीन आहे हे ठाऊकच आहे. फक्त गोळी नेली. ती साधी, पांढरी ॲल्युमिना, तिच्यात जन्मापासून कार्बन नाही. तिच्यावर झिजून पडलेला गोल सपाट डाग, मोहरीहून लहान, कडेला पांढरा, मध्ये करडा.

हिरवा लेसर आधी पांढऱ्या भागावर. काहीच नाही. मग करड्या भागावर. 1350 जवळ एक शिखर, 1580 जवळ दुसरं, आणि 2700 जवळ एक बुटकं, रुंद. पहिलं उंच, म्हणजे पत्रे घासून फाटलेले, कडा वाढलेल्या. पण तिन्ही आहेत. तबकडीच्या पोटातून निघून ते समोरच्या गोळीवर जाऊन बसलेत.

यंत्र चालवणाऱ्या दादांनी विचारलं, "अजून एक जागा घेऊ?" मी पाच घेतल्या. चार ठिकाणी आहे, एका ठिकाणी नाही. थर सलग नाही, तुकड्यातुकड्यांचा आहे. घर्षण फार का उतरत नाही, याचं उत्तर बहुधा त्या पाचव्या जागेत आहे: तिथं अजून दगडावर दगडच घासतोय.

9 फेब्रुवारी, रविवार

मामांना फोनवर सगळं सांगितलं, पाचव्या जागेसकट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच विचारलं, "कोरडा किती मिनिटं चालंल?"

माहीत नाही, म्हटलं. मी हळू फिरणाऱ्या तबकडीवर 6 मिलिमीटरची गोळी घासली आहे, आणि तुमचा पंप मिनिटाला 1450 फेरे घेतो. माझं ॲल्युमिना आहे, तुमचं सिलिकॉन कार्बाइड. माझ्याकडे वाळू नाही.

"मग कडं करून बघ. मी हितं टेस्ट बेंचवर लावतो. दोन मिनिटं जास्त मिळाली तरी माणूस धावत जाऊन बटण बंद करतो."

संध्याकाळी फुटक्या कड्याचे तुकडे पुन्हा जुळवले, कागदावर ठेवून पेन्सिलीनं आतला आणि बाहेरचा गोल काढला, व्हर्नियरनं मोजला. बाहेरचा व्यास 54 मिलिमीटर, जाडी 9. आमचा डाय 20चा. 60चा ग्रॅफाइट डाय मागवावा लागेल. एवढ्या मोठ्या डायमध्ये मध्यभाग आणि कडा यांचं तापमान सारखं राहणार नाही, म्हणून तापवण्याचा वेग निम्म्यावर आणायचा. भुकटी लागेल सुमारे 90 ग्रॅम. चंचुपात्रातून एका वेळी निघते 10. म्हणजे नऊ वेळा थेंब थेंब. उद्या सकाळी मॅडमची सही घ्यायची.